मोठ्या शोभिवंत माशांतील पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

काचेच्या पेटीत पाळलेले शोभिवंत मासे ही आता केवळ शहरातील सुखवस्तू घरांची हौस राहिलेली नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, त्या काळी ग्रामीण भागातील विद्यार्थ्याला रंगीत मासा पाहावयाचा तर मुंबईच्या सहलीची वाट पाहावी लागे. आज तालुक्याच्या गावातील माध्यमिक शाळांत, दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत, पतसंस्थांच्या कार्यालयांत आणि क्वचित ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीतही अशी पेटी दृष्टीस पडते. तीत बहुधा मोठ्या जातींचे मासे असतात. ऑस्कर, सोनमासा म्हणजे गोल्डफिश, कोई कार्प आणि दुकानात ‘शार्क’ या नावाने विकला जाणारा पंगासियस हे त्यांपैकी विशेष प्रचारातील होत. हे मासे काटक असतात, माणसांना ओळखल्यासारखे काचेजवळ येतात आणि नीट सांभाळल्यास दहा-दहा वर्षे जगतात. म्हणूनच त्यांतील एखादा मासा दगावला की त्याची चुटपुट लागून राहते.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका शाळेचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. शाळेच्या प्रयोगशाळेबाहेर चार फूट लांबीच्या पेटीत ऑस्कर जातीचे दोन मासे होते. सहा वर्षांपूर्वी बोटभर आकाराचे आणलेले हे मासे आता वीतभराहून मोठे झाले होते. पाचवीत दाखल झालेल्या मुलांनी दहावी होईपर्यंत त्यांना रोज खाऊ घातला होता. डिसेंबरातील एका आठवड्यात एका उत्साही विद्यार्थ्याने त्यांना मेजवानी म्हणून दुकानातून डझनभर जिवंत लहान मासे आणून पेटीत सोडले. त्याच सुमारास थंडीची लाट आली आणि दोन दिवसांच्या सुट्टीत शिपायाने वीज वाचविण्यासाठी हीटरचे बटण बंद ठेवले. चार-पाच दिवसांनी दोन्ही ऑस्करांच्या कल्ल्यांवर व परांवर रव्याचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसू लागले. दुकानदाराने निळे औषध दिले. ते अंदाजाने ओतले गेले. तिसऱ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले, औषध थांबले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या आठवड्यात मात्र ठिपके दसपटीने उमटले. त्यांतील मोठा मासा रविवारी मेला. सोमवारी शाळा उघडेपर्यंत तो पाण्यातच पडून होता.

या शाळेत कोणी निष्काळजीपणा केला असे म्हणता येणार नाही. औषधही सर्वस्वी चुकीचे नव्हते. चूक झाली ती एवढीच, की ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे सर्वांना वाटले. वास्तविक ठिपके नाहीसे होणे ही या रोगाच्या फैलावाची पायरी असते. ती कशी, हे समजून घेतल्याखेरीज उपचाराचा एकही नियम ध्यानात राहणार नाही. म्हणून प्रथम रोगकारक जीवाचा जीवनक्रम पाहू.

रोगकारक जीव व त्याचा जीवनक्रम

हा रोग जंतूंमुळे किंवा बुरशीमुळे होत नाही. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस नावाच्या एकपेशीय परोपजीवी आदिजीवामुळे तो होतो. या भारदस्त लॅटिन नावाचा अर्थ ‘अनेक पिलांची, माशांची ऊ’ असा काहीसा होईल. फूके या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७६ साली त्याला हे नाव दिले. मत्स्यव्यवसायी मंडळी त्याला थोडक्यात ‘इक’ किंवा ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतात. पूर्ण वाढलेला जीव सुमारे एक मिलिमीटरपर्यंत मोठा होतो, म्हणजे एकपेशीय असूनही नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्याचे सर्वांग सूक्ष्म रोमकांनी वेढलेले असते आणि त्याचे केंद्रक घोड्याच्या नालासारखे असते. शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही तो नाल ओळखता येतो. जीवशास्त्राच्या शिक्षकांना पॅरामिशियमच्या जोडीला दाखविण्यास याहून चांगला नमुना सापडणे कठीण आहे.

त्याच्या आयुष्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात तो माशाच्या त्वचेच्या किंवा कल्ल्यांच्या बाह्य थराखाली शिरून तेथील पेशी व द्रव यांवर पोसतो. आपणांस दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे त्वचेच्या आवरणाखाली बसलेला हा जीव होय. त्या आवरणामुळे पाण्यात टाकलेले नेहमीचे कोणतेही औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट भरले की तो आवरण फोडून बाहेर पडतो, तळाच्या वाळूवर, दगडावर किंवा पाणवनस्पतीच्या पानावर चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट कोश तयार करतो. हा दुसरा टप्पा. कोशाच्या आत तो दोनाचे चार, चाराचे आठ असा विभागत जातो. उबदार पाण्यात सुमारे एका दिवसात एका जीवापासून शेकडो, प्रसंगी हजारापर्यंत पिले तयार होतात. तिसऱ्या टप्प्यात ही पिले कोश फोडून पाण्यात पोहू लागतात आणि माशाचा शोध घेतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. मीठ किंवा औषध यांचा मारा चालतो तो याच अवस्थेवर.

आता शाळेतील घटनेचा उलगडा होईल. तिसऱ्या दिवशी जे ठिपके नाहीसे झाले ते औषधाने मेले नव्हते. पोट भरल्यामुळे ते आपणहून गळून वाळूत गेले होते आणि तेथे एकाचे शेकडो होत होते. नेमकी पिले बाहेर पडण्याच्या वेळी पाण्यात औषध उरले नव्हते.

हा जीवनक्रम किती दिवसांत पुरा होतो हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. पाणी २४ ते २६ अंश सेल्सियस असेल तर साधारण आठवड्याच्या आत एक फेरा पूर्ण होतो. तेच पाणी १० अंशांवर गेले तर महिन्याहून अधिक काळ लागतो. पाणी ३० अंशांच्या आसपास टिकून राहिले तर या जीवाची वाढ बहुधा खुंटते. आपल्याकडे नाशिक, पुणे, विदर्भ या भागांत हिवाळ्यात हा रोग उचल खातो आणि वैशाखात सहसा दिसत नाही, त्याचे कारण हेच आहे. थंडीचा फटका बसला की उष्ण प्रदेशातील माशाची प्रतिकारशक्ती मंदावते. रोगकारक जीवाला मात्र ते तापमान मानवते.

रोगाची ओळख

अंगावर मीठ किंवा रवा भुरभुरल्यासारखे सुटे, सारख्या आकाराचे, किंचित उंचावलेले पांढरे ठिपके हे मुख्य लक्षण होय. तथापि मोठ्या माशाच्या बाबतीत ठिपक्यांची वाट पाहत बसणे धोक्याचे असते. ऑस्करची त्वचा जाड व गडद, तर पांढऱ्या कोईचा रंगच ठिपक्यासारखा. त्यातच परोपजीवी प्रथम कल्ल्यांत शिरला असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. अशा वेळी माशाचे वागणे पाहावे. मासा दगडाला किंवा काचेच्या कडेला अंग घासतो, पर मिटून ठेवतो, अन्न तोंडात घेऊन टाकून देतो, पृष्ठभागाजवळ किंवा हवेच्या बुडबुड्यांजवळ उभा राहून भराभर कल्ले हालवितो. यांपैकी दोन लक्षणे एकत्र दिसली तर बॅटरीचा प्रकाश बाजूने टाकून परांचे निरीक्षण करावे. पर पारदर्शक असल्याने पहिले ठिपके तेथेच सापडतात.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. विणीच्या काळात नर सोनमाशाच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर बारीक, टणक, पांढरे पुटकुळ्यांसारखे उंचवटे येतात. कोई माशातही असे घडते. हा रोग नव्हे. नर वयात आल्याची ती खूण आहे. हे उंचवटे ठरावीक जागीच, ओळीने व दोन्ही बाजूंना सारखे असतात. मासा तरतरीत असतो आणि नीट खातो. हे माहीत नसल्यामुळे अनेक निरोगी नरांवर औषधांचा भडिमार झालेला आहे. कापसासारखा पुंजका दिसला तर ती बुरशी समजावी. अंगावर सोनेरी-पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसली तर तो निराळा परोपजीवी असतो. ऑस्करच्या डोक्यावर खळगे पडू लागले तर तो बहुधा ‘डोक्यातील छिद्रांचा’ रोग असतो. त्याचा संबंध अस्वच्छ पाणी, निकृष्ट आहार आणि आतड्यातील परोपजीवी यांच्याशी जोडला जातो. त्यावर या लेखातील उपचार लागू पडत नाहीत.

आकाराने मोठा मासा, म्हणून अडचणी निराळ्या

लहान माशांचा रोग हटविण्याची एक जुनी, बिनऔषधी पद्धत आहे. मासे रोज एका स्वच्छ पेटीतून दुसऱ्या स्वच्छ पेटीत हलवावयाचे आणि रिकामी झालेली पेटी पूर्ण वाळवावयाची. आठवड्याभरात सारे परोपजीवी मागे राहतात. पण तीन पाव किलोच्या ऑस्करला रोज जाळ्यात पकडणे म्हणजे त्याच्या जखमी त्वचेवर आणखी ओरखडे काढणे होय. शिवाय तेवढ्या मोठ्या दोन-तीन पेट्या असतात तरी कोणाकडे? म्हणून मोठ्या माशावर त्याच्या राहत्या पेटीतच उपचार करावे लागतात, आणि तेथे पाण्याचे नेमके मोजमाप व प्राणवायूचा पुरवठा या दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते.

मोठा मासा अधिक प्राणवायू वापरतो आणि अधिक मलमूत्र टाकतो. त्याच्या कल्ल्यांचा काही भाग परोपजीवीने निकामी केलेला असतो. अशा स्थितीत पाणी तापविले की प्राणवायू आणखी कमी होतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो ७.६ पर्यंत उतरतो. हा फरक निरोगी माशाला जाणवत नाही, आजारी माशाला मात्र प्राणघातक ठरू शकतो. ‘औषधाने मासा मेला’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा पुष्कळदा तो गुदमरून मेलेला असतो.

मीठ आणि ऊब

सर्वांत स्वस्त व सर्वांत सुरक्षित उपचार मिठाचा आहे. मीठ पाण्यात पोहणाऱ्या पिलांना मारते. त्याखेरीज त्याचा आणखी एक उपयोग होतो. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा पुष्कळ अधिक क्षार असतात. त्वचेला शेकडो छिद्रे पडली की बाहेरचे पाणी आत झिरपते, क्षार बाहेर जातात आणि ते पाणी उपसून टाकण्यात माशाची शक्ती खर्ची पडते. पाण्यात थोडे मीठ असले की हा भार हलका होतो.

प्रमाण ठरविण्यापूर्वी पाण्याचे माप काढावे. वर उल्लेखिलेल्या शाळेच्या पेटीचेच उदाहरण घेऊ. पेटी चार फूट लांब व दीड फूट रुंद. पाणी काठोकाठ नव्हते, ते सव्वा फूट उंचीपर्यंत होते. ४ गुणिले १.५ गुणिले १.२५ म्हणजे साडेसात घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणजे एकूण २१२ लिटर झाले. वाळू, दगड व गाळणी यांनी व्यापलेली जागा म्हणून एक दशांश वजा केला की सुमारे १९० लिटर उरतात. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना घनफळाचा हा पाठ आनंदाने करता येईल. पेटीची पूर्ण उंची धरून हिशेब केला असता तर तो २५५ लिटर आला असता आणि औषध सुमारे एक तृतीयांशाने जास्त पडले असते.

ऑस्कर, सोनमासा व कोई यांना लिटरमागे ३ ग्रॅम मीठ सोसते. १९० लिटरला ५७० ग्रॅम मीठ झाले. ते एकदम घालू नये. तीन समान भाग करावेत आणि १९० ग्रॅमचा एकेक भाग बारा-बारा तासांच्या अंतराने बादलीतील पाण्यात पूर्ण विरघळवून पेटीत हळूहळू सोडावा. खडा माशाच्या अंगावर पडला तर त्वचा भाजते. जाडे मीठ वापरावे. ते न मिळाल्यास घरातील आयोडीनयुक्त मिठानेही एवढ्या प्रमाणात अपाय होत नाही. पंगासियस व इतर बिनखवल्यांच्या माशांना हे प्रमाण निम्मे ठेवावे आणि मासा अस्वस्थ दिसल्यास पाणी बदलावे. पाणवनस्पतींना मीठ मानवत नाही. त्या काढून माशाविना वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात. उबदार पाण्यात दोन आठवडे मासा मिळाला नाही की त्यांच्या पानांवरील परोपजीवी आपोआप संपतात.

मिठाच्या हिशेबात एक चूक नित्य घडते. पाणी वाफ होऊन कमी झाले तरी मीठ पेटीतच राहते. म्हणून आटलेले पाणी भरून काढताना साधे पाणी घालावे. उपसून काढलेल्या पाण्याबरोबर मात्र मीठ जाते. चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ४८ लिटर पाणी बदलले तर ४८ लिटरपुरतेच, म्हणजे १४४ ग्रॅम मीठ नव्या पाण्यात मिसळावे. दर वेळी ‘आणखी मूठभर’ घालणारे लोक नकळत पेटीचा समुद्र करून टाकतात.

मिठाच्या जोडीला ऊब द्यावी. ऑस्करच्या पेटीतील पाणी दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त नाही अशा बेताने ३० अंशांपर्यंत चढवावे आणि तेथेच स्थिर ठेवावे. सोनमासा व कोई हे थंड पाण्यातील मासे आहेत; त्यांना २६-२७ अंशांपलीकडे नेऊ नये आणि त्यांच्या बाबतीत मिठावर अधिक भिस्त ठेवावी. तापमापक पेटीत हवाच. हीटरवरील आकड्यावर विश्वासून राहू नये. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. ग्रामीण भागात येथे विजेचा प्रश्न येतो. वीज काही तास जाणार असे ठाऊक असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असावा. तोही नसेल तर तांब्याने पाणी वर उचलून दर काही मिनिटांनी पुन्हा पेटीत ओतावे. हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण एका रात्री याच उपायाने दुसरा ऑस्कर वाचल्याचे लेखकाने पाहिले आहे. दहावीतील चार मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली आळीपाळीने हे काम केले होते.

रोज सकाळी नळीने तळातील घाण ओढून घ्यावी. ही केवळ स्वच्छता नव्हे. वाळूत चिकटलेले कोश त्याबरोबर बाहेर जातात आणि प्रत्येक कोश म्हणजे शेकडो पिले हे लक्षात घेता या नळीचे काम औषधाच्या बरोबरीचे आहे. खाद्य निम्म्यावर आणावे व दहा मिनिटांनी उरलेले काढून टाकावे.

उपचार किती दिवस चालवावा? पाणी २५ अंशांच्या वर असेल तर किमान दोन आठवडे, आणि शेवटचा ठिपका गेल्यावर किमान पाच दिवस. यांपैकी जी तारीख नंतरची असेल ती धरावी. पाणी थंड असेल तर याहून पुष्कळ अधिक. पेटीवर कागद चिकटवून त्यावर तारीख, तापमान, घातलेले मीठ, बदललेले पाणी आणि दिसलेले ठिपके यांची रोज नोंद ठेवावी. सरकारी कचेऱ्यांतून नोंदवह्यांची वाण नसते. तेव्हा त्यांत आणखी एका कागदाची भर पडल्याने कोणाची हरकत असू नये.

औषधे

दोन-तीन दिवसांत मिठाने उतार दिसला नाही, किंवा माशाचे कल्ले वेगाने हलू लागले, तर औषधाचा विचार करावा. दुकानातील तयार औषधांत बहुधा मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन किंवा मेथिलीन ब्लू असते. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घेऊ नये. मॅलाकाइट ग्रीनची मात्रा लिटरमागे ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे अत्यल्प असते. ती घरच्या चमच्याने मोजण्याची वस्तू नाही. बिनखवल्यांच्या माशांना ते विशेष बाधते. त्यांना निम्मी मात्रा पुरे. फॉर्मेलिन हजार लिटरला १५ ते २५ मिलिलिटर वापरतात. शाळेच्या १९० लिटरला कमाल मात्रा पावणेपाच मिलिलिटर होते. फॉर्मेलिन पाण्यातील प्राणवायू खाते, म्हणून हवेचा जोरदार पुरवठा नसेल तर ते वापरूच नये. बाटलीत तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते अधिक विषारी झालेले असते. ते टाकून द्यावे. त्याची वाफ माणसाच्या डोळ्यांना व श्वासालाही घातक असल्याने विद्यार्थ्यांच्या हाती ते कदापि देऊ नये. एका वेळी एकच औषध वापरावे. गाळणीत कोळसा असेल तर तो काढावा. नाहीतर सारे औषध कोळसाच शोषून घेईल. ही औषधे गाळणीतील उपयुक्त जीवाणूंनाही मारतात. त्यामुळे अमोनिया वाढतो. यास्तव प्रत्येक पुढील मात्रेपूर्वी चौथा हिस्सा पाणी बदलावे. बदलण्याचे पाणी नळाचे असल्यास त्यातील क्लोरीन आधी काढून टाकावा आणि पाण्याचे तापमान पेटीएवढे आणावे.

एक गोष्ट पंचायत सदस्य व मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांचे पदाधिकारी यांनी विशेष ध्यानात ठेवावी. हाच परोपजीवी संगोपन तळ्यातील रोहू, कटला, मृगळ यांच्या बोटुकल्यांनाही लागतो. शोभिवंत माशांच्या दुकानातील हिरवे-निळे औषध पाहून ते खाण्याच्या माशांच्या तळ्यात टाकण्याचा मोह होतो. मॅलाकाइट ग्रीन माशाच्या मांसात दीर्घकाळ उरते, त्याच्या कर्करोगकारकतेबद्दल शंका आहे आणि खाण्याच्या माशांसाठी त्याचा वापर निषिद्ध आहे. तळ्यातील रोगासाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा. मुंबईतील वर्सोवा येथे केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था १९६१ पासून या विषयाचे अध्यापन व संशोधन करीत आहे.

प्रतिबंध

रोग पेटीत आपोआप उत्पन्न होत नाही. तो नवा मासा, ओली वनस्पती, ओले जाळे किंवा दुकानातील पिशवीचे पाणी यांबरोबर येतो. जिवंत लहान मासे खाऊ घालण्याची प्रथा तर सर्वथा बंद करावी. दुकानात हे ‘खाद्यमासे’ एका टाकीत शेकड्यांनी कोंबलेले असतात आणि त्यांच्याइतका रोगवाहक दुसरा नाही. सुकट, कोळंबीचे तुकडे, गांडुळे, तयार दाणेदार खाद्य यांवर ऑस्कर उत्तम पोसला जातो. नवा मासा आणल्यास त्याला तीन आठवडे निराळ्या टबात ठेवावे आणि त्याचे जाळे, नळी व बादली वेगळी असावी. दोन्हींसाठी एकच जाळे असल्यास ते उन्हात खडखडीत वाळवून वापरावे. या रोगातून वाचलेल्या माशात काही काळ प्रतिकारशक्ती येते. पण त्याच्या अंगावर एखाददुसरा परोपजीवी लपून राहू शकतो. म्हणून ‘हा मासा आता पक्का झाला’ असे म्हणून त्याच्याजवळ नवा मासा बेधडक सोडू नये.

आरोग्य खात्यातर्फे डासनिर्मूलनासाठी गप्पी माशांची पैदास केंद्रे चालविली जातात. गप्पी हाही या रोगाला बळी पडतो. शाळेच्या पेटीतील शिल्लक मासे किंवा पाणी या हौदांत टाकू नये, हे केंद्राच्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवणे बरे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संवर्धनास स्थान मिळाले. परसात सिमेंटच्या टाक्या बांधून हा व्यवसाय करणाऱ्या महिला बचत गटांच्या दृष्टीने तर हा रोग केवळ हळहळीचा विषय नाही. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत फिरणारे एक ओले जाळे हिवाळ्यातील सारा माल घालवू शकते. प्रत्येक टाकीला स्वतंत्र जाळे ठेवण्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

हा रोग माणसाला होत नाही, हे पालकांच्या समाधानासाठी स्पष्ट केले पाहिजे. तरीसुद्धा पेटीच्या पाण्यातील काही जीवाणू हातावरील जखमेतून शिरून त्वचेचा चिवट विकार निर्माण करू शकतात. हातावर ओरखडा असणाऱ्याने पेटीत हात घालू नये आणि काम झाल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.

मेलेला मासा दिसताक्षणी काढावा. यजमान मेला की परोपजीवी त्याच्या अंगावरून निघून वाळूत जातात व तेथे वाढू लागतात. सोमवारपर्यंत पाण्यात पडून राहिलेल्या त्या ऑस्करने जिवंत जोडीदारावरील संकट असेच वाढविले होते. म्हणून उपचाराच्या काळात सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी सकाळ-संध्याकाळ पेटी पाहून जाईल अशी व्यवस्था मुख्याध्यापकांनी करावी. मृत मासा जमिनीत हातभर खोल पुरावा. तो ओढ्यात फेकू नये.

कंटाळा आला, मासा पेटीत मावेना किंवा रोग हटेना, म्हणून जिवंत मासे गावतळ्यात वा नदीत सोडून देण्यात भूतदया आहे असे काहींना वाटते. त्या माशाबरोबर त्याचे रोग तळ्यात जातात. आणि मासा जगलाच तर त्याचा परिणाम काय होतो हे आंध्र प्रदेशातील मत्स्यतळी व कोलकात्याजवळील पाणथळ भाग यांच्या अनुभवावरून दिसते. पेटीची काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा तेथे पसरला असून मच्छीमारांच्या जाळ्यांचे व स्थानिक माशांचे नुकसान करीत आहे. ज्यांना मासे नको असतील त्यांनी ते दुकानदारास परत करावेत किंवा मोठी पेटी असलेल्या संस्थेस, रोगाची पूर्ण कल्पना देऊन, द्यावेत.

उपचाराच्या काळात उपसलेल्या पाण्याची विल्हेवाटही विचारपूर्वक लावली पाहिजे. एरवी मत्स्यपेटीचे पाणी झाडांना उत्तम खत असते, पण लिटरमागे तीन ग्रॅम मीठ असलेले पाणी शाळेच्या बागेत रोज ओतल्यास रोपे करपतील. ते विहीर, ओढा व तळे यांच्यापासून दूर असलेल्या शोषखड्ड्यात सोडावे. औषध मिसळलेले पाणी गुरांच्या पाणवठ्याकडे वाहणार नाही याची खात्री करून घ्यावी. पेटी पुन्हा वापरावयाची असल्यास वाळू व दगड उकळत्या पाण्यातून काढून आठवडाभर कडक उन्हात पसरून ठेवावेत. हे परोपजीवी कोरडेपणात जगत नाहीत.